पाय दिल्यावर अडखळणारी जुनी गाडी घ्यावी का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातील २०१५ ची, १.२ लिटर पेट्रोल इंजिनाची, मागाहून सिक्वेन्शियल सीएनजी किट बसवलेली आणि ८६,००० किलोमीटर चाललेली हॅचबॅक तुम्हाला ३ लाख १० हजारांना मिळते आहे. दुसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटरवर पाय दिला की ती क्षणभर थबकते आणि मग झटका देऊन उचलते. थ्रॉटल बॉडी, म्हणजे इंजिनात जाणारी हवा कमी-जास्त करणारा भाग, साफ केली की सगळे ठीक होईल, असे मालक म्हणतात. तेव्हा गाडी घ्यावी की सोडावी?

मालकाचे निदान खरे असू शकते. थ्रॉटलच्या चकतीच्या कडेला काळा चिकट थर साचला की पाय दिल्याबरोबर हवा नीट आत जात नाही आणि गाडी अडखळते, हे मी शेकडो वेळा पाहिले आहे. परंतु तासाभराचे आणि हजार-दीड हजारांचे काम करून गाडी निर्धास्तपणे दाखवता येत असेल, तर ते न करता कोणी ती विकायला का काढेल, हा विचार आधी करा. माझ्या अनुभवात अशा वेळी बहुधा ते काम करून झालेले असते आणि दोष मात्र तसाच राहिलेला असतो. म्हणून मालकांचे मत ऐकून घ्या, पण त्यावर किंमत ठरवू नका. या एकाच लक्षणामागे चारशे रुपयांचा फाटलेला होज पाइप असू शकतो आणि इंजिनचे हेड (वरचा भाग) उतरवावे लागेल असा जळालेला व्हॉल्वही असू शकतो. या दोहोंतला फरक पैसे देण्यापूर्वी कळू शकतो, फक्त त्यासाठी एक सकाळ खर्च करावी लागते.

सर्वप्रथम गाडी नेमकी केव्हा अडखळते ते पाहा. 'पिकअप घेत नाही' या एका शब्दप्रयोगाखाली आपल्याकडे तीन वेगळ्या तक्रारी येतात. पहिल्या प्रकारात पाय टेकवल्याच्या क्षणी गाडी थबकते आणि पुढे व्यवस्थित चालते. थ्रॉटल उघडल्याबरोबर हवा तत्काळ आत येते, पण तिच्या प्रमाणात इंधन वाढवण्यासाठी ईसीयूला, म्हणजे इंजिनच्या संगणकाला, थ्रॉटलची स्थिती आणि मॅनिफोल्डमधला (थ्रॉटलकडून सिलिंडरांकडे हवा नेणाऱ्या नळ्यांतला) दाब यांची खरी खबर लागते. ती खबर चुकीची असेल किंवा वाटेत कुठून तरी जादा हवा शिरत असेल, तर हवा-इंधनाचे मिश्रण क्षणभर पातळ होते, म्हणजे इंधन कमी पडते. दुसऱ्या प्रकारात भार पडला की गाडी 'मिसिंग मारते', म्हणजे एखादा सिलिंडर मधूनमधून पेटतच नाही. भाराखाली सिलिंडरमधला दाब वाढतो आणि त्या दाबात ठिणगी उडण्यासाठी जास्त व्होल्टेज लागते. थकलेली कॉइल (प्लगला व्होल्टेज पुरवणारी) किंवा झिजलेला प्लग आयडलिंगला निमूटपणे काम करतो आणि नेमका चढावर दगा देतो. तिसऱ्या प्रकारात सुरुवात ठीक असते, पण ३,००० आरपीएमच्या पुढे गाडी दमते. तिथे इंधन पंप, फिल्टर किंवा चोंदलेला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (सायलेन्सरच्या वाटेवर धूर स्वच्छ करणारा भाग) यांच्यावर संशय घ्यावा.

तुमच्या वर्णनातला 'थबकून मग झटका' पहिल्या प्रकाराकडे झुकतो, पण केवळ वर्णनावर मी निर्णय देणार नाही. तिसऱ्या गिअरमध्ये ताशी ३५-४० किलोमीटर वेगाने चालताना पाय पूर्ण दाबून पाहा. त्या वेळी गाडी खडखडत, तुटक तुटक उचलत असेल तर संशय प्रज्वलनाकडे वळवा. इंजिनचा आवाज आणि आरपीएम झपाट्याने चढतात पण वेग त्या मानाने वाढत नाही असे दिसले, तर दोष इंजिनात नसून क्लच घसरतो आहे. ती ओळख चुकली तर माणूस भलत्याच भागावर पैसे घालतो.

तुमच्या गाडीत सीएनजी किट आहे, ही गोष्ट निदानाला फार उपयोगी पडते, कारण एकच इंजिन दोन इंधनांवर चालवून पाहता येते. इतर गाड्यांत ही सोय नसते. डॅशबोर्डवरच्या बटणाने आधी फक्त पेट्रोलवर आणि मग फक्त गॅसवर तोच रस्ता, तोच गिअर, तोच वेग ठेवून चालवा. केवळ गॅसवर अडखळत असेल तर किटचा गॅस फिल्टर, रिड्यूसर (गॅसचा दाब कमी करणारा भाग), गॅस इंजेक्टर किंवा किटचे ट्यूनिंग तपासायचे. मात्र सीएनजीला ठिणगीसाठी पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागत असल्याने अशक्त कॉइल आणि रुंदावलेली प्लगची फट आधी गॅसवरच उघडी पडतात, हे ध्यानात ठेवावे. केवळ पेट्रोलवर अडखळत असेल तर गाडी वर्षानुवर्षे गॅसवरच फिरली असावी. टाकीत दोन-तीन लिटर जुने पेट्रोल पडून राहते, पेट्रोल इंजेक्टरवर चिकटा बसतो आणि पंपही कोरडा पडून खराब होतो. दोन्ही इंधनांवर सारखीच अडखळत असेल तर मात्र किट आणि पेट्रोलची यंत्रणा बहुतांशी सुटली. उरतात ते हवा, सेन्सर, ठिणगी आणि खुद्द इंजिनची तब्येत.

आता प्रत्यक्ष पाहायला जाण्याविषयी. गाडी सकाळी, रात्रभर उभी राहून पूर्ण गार झालेली असतानाच पाहा आणि आदल्या दिवशी फोनवर 'मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका' असे स्पष्ट सांगा. गेल्यावर बोनेटवर हात ठेवा. तो कोमट लागला तर त्या दिवशी परत फिरलेले बरे, कारण गार इंजिनची पहिली दोन मिनिटे जे सांगतात ते नंतर दिवसभर पुन्हा कळत नाही. चावी फिरवा, पण इंजिन सुरू करू नका. डॅशबोर्डवर इंजिनच्या चित्राचा पिवळा दिवा लागलाच पाहिजे आणि इंजिन सुरू झाल्यावर तो विझला पाहिजे. चावी फिरवूनही तो लागत नसेल तर कोणीतरी तो निकामी केला आहे असे समजा.

चावी तशीच ठेवून स्कॅनर जोडा. मोबाइलला ब्लूटूथने जोडणारा लहान ओबीडी स्कॅनर, म्हणजे ईसीयूतली माहिती वाचणारे उपकरण, आता हजार रुपयांच्या आसपास मिळतो. आपल्याकडे एप्रिल २०१३ पासून बीएस-४ (प्रदूषणाच्या मानकाच्या) गाड्यांना ओबीडी-२ (दोष स्वतः नोंदवणारी यंत्रणा) सक्तीचे झाल्यामुळे २०१५ च्या गाडीत तो चालायला हवा. इंजिन बंद असतानाच दोन वाचने घ्या. कूलंटचे तापमान आणि आत येणाऱ्या हवेचे तापमान हे दोन्ही सकाळच्या हवेइतकेच, फार तर तीन-चार अंशांच्या फरकाने दिसले पाहिजे. कूलंट सेन्सर गार इंजिनला ५० अंश दाखवत असेल तर ईसीयू गार इंजिनला कमी इंधन देणार आणि गाडी अडखळणारच. दुसरे वाचन मॅनिफोल्ड दाबाचे. इंजिन बंद असताना तो सेन्सर बाहेरच्या हवेचाच दाब दाखवतो. मुंबईत तो १०० किलोपास्कलच्या आसपास असतो, तर समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंचीवरच्या पुण्यात ९४-९५. पुण्यात उभी असलेली गाडी ८५ दाखवत असेल तर सेन्सर खोटे सांगतो आहे. ही तपासणी अर्ध्या मिनिटाची आहे आणि तरीही फारच थोडे लोक ती करतात, याचे मला वाईट वाटते.

त्यानंतर ईसीयूने नोंदवलेले दोषांचे कोड पाहा, पण 'एकही कोड नाही' या उत्तरावर समाधान मानू नका. कोड पुसणे हे एका बटणाचे काम आहे. मात्र कोड पुसले की ईसीयूच्या स्वतःच्या चाचण्या, ज्यांना मॉनिटर म्हणतात, त्याही 'अपूर्ण' होतात आणि त्या पूर्ण व्हायला वेगवेगळ्या रस्त्यांवर बरेच चालवावे लागते. शिवाय अनेक गाड्यांत 'कोड पुसल्यापासूनचे अंतर' असा आकडा मिळतो. एका वर्षी सासवडच्या एका शिक्षकांनी चार दिवसांपूर्वी घेतलेली गाडी माझ्याकडे आणली. तक्रार तुमच्यासारखीच, किटही असेच. कोड एकही नव्हता, पण पुसल्यापासूनचे अंतर होते ६१ किलोमीटर, म्हणजे व्यवहाराच्या दिवशीच कोणीतरी कोड पुसलेले. प्लग काढून कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमध्ये भरणारा दाब, घेतले तर इतर तीन सिलिंडर साडेबारा-तेरा किलो (प्रति चौरस सेंटिमीटर) आणि तिसऱ्या क्रमांकाचा जेमतेम सहा. हेड उतरवल्यावर तिसऱ्याचा एक्झॉस्ट व्हॉल्व हातात घेतला, तेव्हा भाकरीचा काठ तोडावा तसा त्याच्या कडेचा तुकडा जळून गेलेला होता. गॅस हे कोरडे इंधन असल्याने व्हॉल्व आणि त्याची सीट यांची झीज पेट्रोलपेक्षा जास्त होते. ज्या इंजिनांत टॅपेट आपोआप जुळवून घेणारे नसतात, त्यांत टॅपेट आणि व्हॉल्व यांच्यातली फट वेळोवेळी मोजली नाही तर ती संपते, व्हॉल्व पूर्ण मिटत नाही आणि जळतो. त्या गृहस्थांनी पूर्ण पैसे मोजले होते. हेडच्या कामाचा खर्च वेगळा झाला आणि तो वसूल करायला मार्ग उरला नाही. म्हणूनच हे इतक्या तपशिलाने लिहितो आहे.

इंजिन सुरू करून गरम झाल्यावर, पेट्रोलवर असताना, फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयू इंधनात करत असलेली टक्केवारीतली वाढ-घट, पाहा. अल्पकालीन आणि दीर्घकालीन ट्रिमची बेरीज साधारण उणे १० ते अधिक १० टक्क्यांत असावी. आयडलिंगला ती ठीक असून भाराखाली अधिककडे चढत जात असेल तर इंधन कमी पोहोचते आहे, म्हणजे पंप, फिल्टर किंवा इंजेक्टर पाहावे. बरीच उणे असेल तर मिश्रण घट्ट आहे. गळका इंजेक्टर हे त्याचे एक कारण. दुसरे आपल्याकडे सर्रास आढळणारे कारण म्हणजे 'गाडी गरम होते' म्हणून कोणीतरी काढून टाकलेला, इंजिनचे तापमान सांभाळणारा थर्मोस्टॅट व्हॉल्व, ज्यामुळे हायवेवर इंजिन ८० अंशांच्या वर जातच नाही. हवेच्या गळतीबाबत मात्र एक सावधगिरी बाळगावी. गळती असली की आयडलिंगला ट्रिम अधिक २० टक्क्यांवर जाते आणि रेस दिल्यावर खाली येते, असे सगळीकडे सांगितले जाते. ते हवा प्रत्यक्ष मोजणाऱ्या सेन्सरच्या गाड्यांना लागू आहे. आपल्याकडच्या अनेक लहान पेट्रोल गाड्या मॅनिफोल्डच्या दाबावरून हवेचा अंदाज घेतात. त्यांत गळलेली हवा दाबात मोजली जाते, ट्रिम फारशी हलत नाही आणि त्याऐवजी आयडलिंग चढे राहते. तेव्हा गरम इंजिन, एसी बंद, आणि तरीही आरपीएम हजाराच्या वर रेंगाळत असेल, तर ट्रिम निर्दोष दिसली तरी व्हॅक्यूमचे पाइप एकेक करून पाहा.

बोनेटखाली पाहताना एअर फिल्टरपासून थ्रॉटलपर्यंतचा जाड रबरी पाइप दोन्ही हातांनी वाकवून त्याच्या वळ्यांच्या आत पाहा. चीर तिथे लपते आणि इंजिन झटका देताना हलले की उघडते. वायरिंगवर उंदरांचे दात उमटले आहेत का तेही पाहा. पार्किंगमध्ये महिनोन्महिने उभ्या असलेल्या गाड्यांत हे नेहमीचे आहे. मग मालकांच्या परवानगीने आणि शक्यतो तुमच्या ओळखीच्या मेकॅनिककडून कॉइल आणि प्लग काढून घ्या. चारही प्लग ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने कापडावर मांडा. तीन फिकट तपकिरी आणि एक काळा, ओला निघाला, तर तो सिलिंडर नीट पेटत नाही. चिनी मातीच्या पांढऱ्या भागावर पेन्सिलीने ओढल्यासारखी बारीक काळी उभी रेघ दिसली, तर ठिणगी टोकावर न उडता बाजूने निसटते आहे. प्लग आणि कॉइलचे रबर बदलून अशी गाडी अनेकदा पूर्ण सुधारते. प्लगच्या खळग्यात ऑइल साचलेले असेल तर वरच्या कव्हरचे सील गेले आहे. हा दोष स्वस्त आहे, पण तो कॉइल खराब करतो. संशय असलेल्या सिलिंडरची कॉइल शेजारच्या सिलिंडरवर लावून पुन्हा चालवा. स्कॅनरमध्ये पी०३०२ (दुसऱ्या सिलिंडरचे मिसिंग) जाऊन पी०३०३ (तिसऱ्याचे) आला, म्हणजे मिसिंग कॉइलबरोबर सरकले, तर गुन्हेगार सापडला आणि खर्च दोन-तीन हजारांच्या घरातला आहे.

कॉइल बदलूनही मिसिंग त्याच सिलिंडरला राहिले, तर कॉम्प्रेशन तपासल्याशिवाय व्यवहाराचे एक पाऊलही पुढे टाकू नका. चारही प्लग काढून, इंधन बंद करून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून, चांगल्या बॅटरीवर प्रत्येक सिलिंडरला पाच-सहा फेरे द्यायचे. अशा पेट्रोल इंजिनांत साधारण १२ ते १४ किलो अपेक्षित असतात आणि पुण्याच्या उंचीवर थोडे कमी भरतात. नेमक्या आकड्यापेक्षा चारही सिलिंडर एकमेकांशी किती जुळतात याला जास्त महत्त्व आहे, आणि सर्वांत मोठ्या व सर्वांत लहान आकड्यात १० टक्क्यांहून बराच जास्त फरक असेल तर ती धोक्याची खूण समजावी. कमी आलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून पुन्हा मोजा. आकडा चढला तर पिस्टनच्या रिंगा, नाही चढला तर व्हॉल्व किंवा गॅस्केट. ज्यांच्याकडे लीक-डाउन गेज आहे ते याहून नेमके सांगतील. सिलिंडरमध्ये दाबाची हवा सोडून कान लावायचा. फुसफुस सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व, थ्रॉटलमधून आली तर इनलेट व्हॉल्व, ऑइल भरायच्या तोंडातून आली तर रिंगा, आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे उठले तर हेड गॅस्केट. रिंगांचा प्राथमिक अंदाज साधनाशिवायही येतो. चालू इंजिनवर ऑइलचे झाकण सैल करून हलकेच उलटे ठेवा. ते थोडे थरथरेल, ते चालते. झाकण उडू पाहत असेल आणि तोंडातून धूर भकाभका येत असेल तर गाडी 'बॅक कॉम्प्रेशन' मारते आहे, आणि अशा इंजिनला लवकरच बांधणीचे काम निघणार.

फेरी किमान ४० मिनिटांची आणि चढाची असावी. पुण्यात असाल तर कात्रजचा जुना घाट उत्तम. गाडीत तिघे बसा, एसी लावा, आणि दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये कमी आरपीएमवरून पाय द्या. वर पोहोचल्यावर गाडी पंधरा मिनिटे बंद ठेवून पुन्हा सुरू करा, कारण काही कॉइल आणि क्रँक सेन्सर तापल्यावरच रुसतात. उतरल्यावर चारही चाकांजवळ हात नेऊन पाहा. एखादे चाक इतरांपेक्षा फार तापले असेल तर तिथला ब्रेक चिकटलेला आहे आणि गाडी ओढून धरल्यासारखी वाटण्याचे तेही एक कारण असू शकते. चालवताना पिवळा दिवा लुकलुकला तर चालवणे थांबवा. त्याचा अर्थ न जळलेले इंधन कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळते आहे आणि तो महागडा भाग आतून वितळू शकतो. याच कारणाने 'ही तक्रार किती दिवसांपासून आहे' हा प्रश्न मालकांना आवर्जून विचारा, कारण वर्षभर मिसिंगवर चाललेल्या गाडीत प्लग बदलल्यानंतरही कन्व्हर्टरचा खर्च उभा राहू शकतो.

तुम्ही इतरही गाड्या पाहणार असाल म्हणून दोन गोष्टी सांगतो. ऑटोमेटेड मॅन्युअल गिअरच्या गाडीत गिअर बदलताना येणारा क्षणभराचा खंड हा त्या रचनेचा भाग आहे, त्याला दोष म्हणू नये. टर्बो डिझेल गाडी कमी आरपीएमवर सुस्त वाटणेही स्वाभाविक आहे, पण २,००० च्या पुढेही ती उचलत नसेल तर टर्बोचे पाइप, ईजीआर (थोडा धूर पुन्हा इंजिनात सोडणारी यंत्रणा) आणि इंजेक्टर तपासून घ्यावेत.

आता तुमच्या गाडीबद्दल माझा सल्ला. मालकांना स्पष्ट सांगा की थ्रॉटल बॉडी त्यांनी त्यांच्या खर्चाने साफ करून घ्यावी, त्यानंतर गाडी आठवडाभर रोजच्यासारखी वापरावी, आणि मग तुम्ही सकाळी गार इंजिनवर येऊन पुन्हा पाहाल. दोष गेला असेल, मॉनिटर पूर्ण दिसत असतील आणि कॉम्प्रेशन जुळत असेल, तर ही गाडी घ्यायला माझी हरकत नाही. दोष प्लग-कॉइलचा निघाला तर तेवढी रक्कम किमतीतून वळती करून घ्या. कॉम्प्रेशनमध्ये एक सिलिंडर मागे पडला तर, हेडच्या कामाइतकी रक्कम कमी करायला मालक तयार असले तरीसुद्धा, मी स्वतः ती घेणार नाही, कारण हेड उघडल्यावर आत काय निघेल याचा अंदाज बाहेरून कोणी देऊ शकत नाही. आणि कॉम्प्रेशन तपासू द्यायलाच नकार मिळाला, तर तो तपासणीचा निकालच समजा.

गाडी पसंत पडली तर बयाणा देण्यापूर्वी आरसी पुस्तकात सीएनजीची नोंद आहे का ते पाहा, आणि डिकीतल्या सिलिंडरवरच्या पट्टीवर शेवटच्या हायड्रो टेस्टची (पाण्याच्या दाबाने होणाऱ्या चाचणीची) तारीख वाचा. ती चाचणी दर तीन वर्षांनी करावी लागते. मुदत उलटून गेली असेल तर चाचणी मालकांकडून करून घ्या आणि नवी पट्टी स्वतः पाहिल्यावरच पैसे द्या.